एका हातात तलवार, दुसऱ्या हातात मंत्र

टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या खंडात (1954) मोरियाच्या भुयारातला एक अरुंद दगडी पूल आहे. आगीचा राक्षस बालरॉग त्या पुलावर येतो आणि म्हातारा जादूगार गॅन्डाल्फ मध्यावर एकटा उभा राहतो. डाव्या हातात काठी, उजव्या हातात ग्लॅमड्रिंग नावाची तलवार. राक्षसाची लालभडक तलवार ग्लॅमड्रिंगवर आदळते आणि राक्षसाच्याच तलवारीचे तुकडे उडतात. इथवर काम तलवारीचे. मग गॅन्डाल्फ काठी पुलावर आपटतो. पूल तुटतो आणि काठीही मोडते. थोड्याच पानांपूर्वी त्याने एका दाराला बंद करण्याचा मंत्र घातलेला असतो आणि पलीकडून आलेला उलटा मंत्र इतका जबर असतो, की तो पार गळून गेलेला असतो. वाचकाला हे ठाऊक असते. म्हणूनच पुलावर तो पाय रोवून उभा राहतो तेव्हा वाचणाऱ्याच्या छातीत धडधडते.

मराठीत अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या तरुणांना असा योद्धा फार मोह घालतो. तलवारीत तरबेज, मंत्रात पारंगत. अडचण एवढीच, की पहिल्या खर्ड्यात तो सगळ्यातच पारंगत असतो. शत्रू लांब असला की आग फेकतो, जवळ आला की मुंडके उडवतो, जखम झालीच तर हात फिरवून बरी करतो. अशा माणसाची काळजी वाचकाने का करावी? त्याच्यावर संकट यावे तरी कुठून? म्हणून लिहिणाऱ्याने पहिले वाक्य उतरवण्याआधी एक गोष्ट पक्की करावी: या माणसाची तलवार त्याच्या जादूच्या आड कुठे येते, आणि जादू तलवारीच्या आड कुठे येते. या दोघींचे भांडण जितके खरे, तितकी गोष्ट जिवंत. बाकीची कारागिरी त्यातूनच निघते.

हा योद्धा आला कुठून, तेही थोडक्यात माहीत असलेले बरे. 1932 साली ‘वीअर्ड टेल्स’ या अमेरिकी मासिकात रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कोननची पहिली कथा छापून आली. तिथे तलवार नायकाची आणि जादू खलनायकाची अशी चोख वाटणी होती. एक केव्हाचा मेलेला ज्ञानी पुरुष स्वप्नात येऊन कोननच्या तलवारीवर फिनिक्स पक्ष्याची खूण उमटवतो, तेवढीच काय ती नायकाच्या वाट्याची जादू. 1961 मध्ये इंग्लंडच्या मायकेल मूरकॉकने ही वाटणी मोडली. त्याचा एल्रिक राजा आहे, जादूगार आहे आणि तलवारबाजही आहे. त्याच वर्षी फ्रिट्झ लायबरने या साऱ्या कथाप्रकाराला ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ हे नाव सुचवले. लायबरचा स्वतःचा ग्रे माउझर म्हणजे जादूगाराकडची उमेदवारी अर्धवट राहून तलवारीच्या धंद्यात शिरलेला गडी. 1986 मध्ये पोलंडच्या ‘फान्तास्तिका’ मासिकात आंद्रझेई सापकोव्स्कीने ‘विचर’ची पहिली कथा लिहिली. तिचा नायक गेराल्ट पुढे व्हिडिओ गेममुळे आणि 2019 च्या मालिकेमुळे आपल्याकडच्या कॉलेजांतही पोचला.

हात किती रिकामे आहेत?

माणसाला हात दोन. हा साधा हिशेब कादंबरीकार विसरतात, खेळ रचणाऱ्यांना मात्र विसरून चालत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये आला. त्याच्या पहिल्या नियमांत एल्फ जातीच्या पात्राला योद्धा आणि जादूगार दोन्ही होता येत असे, पण एका मोहिमेत एकच. दुसरे व्हायचे तर पुढच्या मोहिमेपर्यंत थांबायचे. याच खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत हाताच्या खुणा करून टाकायच्या मंत्रासाठी एक हात मोकळा लागतो. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल असली की योद्धा अडकला. चालू मंत्रावर मन धरून असताना घाव बसला, तर मंत्र टिकतो की सुटतो हे फासा टाकून ठरते. ‘पाथफाइंडर’ या भावंड खेळात 2011 मध्ये ‘मेगस’ नावाचा योद्धा आला. एका हातात हत्यार, दुसरा हात मंत्रासाठी रिकामा, ही त्याची ओळखच. हे खेळ टेबलाभोवती चार-पाच जण मिळून खेळतात, त्यामुळे तिथे गोलमाल चालत नाही. कोणीतरी विचारतेच, की ढाल कोणत्या हातात होती? कथा लिहिणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्यावी.

सापकोव्स्कीने याचे उत्तर फार सुटसुटीत दिले आहे. गेराल्टची जादू म्हणजे बोटांनी हवेत काढायच्या मोजक्या खुणा. एका हाताने होतात, झटपट होतात, आणि म्हणूनच बेताच्याच ताकदीच्या असतात. खरी जादूगार मंडळी त्याच्या जगात वेगळी आहेत आणि त्यांच्यापुढे या खुणा म्हणजे किरकोळ माल. ही मर्यादा लेखकाने पहिल्याच कथेत कशी वापरली ते पाहण्यासारखे आहे. राजाच्या शापित मुलीची स्ट्रिगा नावाची राक्षसी झालेली असते आणि तिला न मारता माणसात आणायचे असते. त्यासाठी तिला एक रात्र तिच्या शवपेटीबाहेर ठेवायचे. गेराल्ट आधी काढे पिऊन शरीर ताणतो, मग चांदीच्या साखळीने आणि हातघाईने झुंजतो, आणि शेवटी स्वतःच त्या शवपेटीत शिरून आतून झाकणावर खूण घालतो. जादूचे काम एवढेच: झाकण धरून ठेवणे. त्या खुणेने राक्षसी मरत नाही, तिच्या रात्रीचे उरलेले तास तेवढे सरतात. सकाळी, सगळे संपले असे वाटत असतानाच, ती नखांनी त्याची मान फाडते.

आता आपल्या मातीतले हत्यार घेऊ. दांडपट्टा, ज्याला 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. पट्ट्याची मूठ उघडी नसते. लोखंडी खोळीत हात जवळजवळ कोपरापर्यंत जातो, आतली आडवी मूठ पकडायची आणि पाते हाताच्याच रेषेत पुढे. मनगट जखडलेले, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. पट्टेवाला सतत पावले टाकत गिरक्या घेतो तो त्यामुळेच. अशा योद्ध्याला उजव्या हाताने मुद्रा करणे शक्यच नाही, बोटे खोळीत बंद आहेत. डाव्या हातात ढाल किंवा दुसरा पट्टा असेल तर तोही गेला. मग उरतो आवाज. पण गिरक्या घेणाऱ्या माणसाचा श्वास कुठे ठिकाणावर असतो? मंत्र पाठ असणे वेगळे आणि धाप लागलेली असताना तो शुद्ध म्हणता येणे वेगळे. आपल्या परंपरेत तर उच्चाराची चूक जिवावर बेतते. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मागताना ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकवला आणि झाले उलटेच: जन्मलेला वृत्र इंद्राच्या हातून मेला. यज्ञमंडपात बसून म्हणताना जर हे घडते, तर चिखलात, घोड्याच्या टापांखाली, ओठ फुटलेला असताना काय होईल? एवढ्या एका प्रश्नावर अख्खी कथा उभी राहू शकते.

साधी तलवार घेतली तरी हत्याराचा स्वभाव पाहावाच. आपल्याकडच्या वाकड्या तलवारीच्या मुठीच्या टोकाला वाटोळी चकती असते. ती पंजा मुठीत घट्ट बसवते आणि मनगटाची मोकळीक कमी करते, त्यामुळे ही तलवार ओढून कापण्यासाठी उत्तम. बोटांच्या हालचालीवर चालणाऱ्या युरोपीय रेपियरचे नाजूक खेळ तिला जमत नाहीत. मराठ्यांची धोप सरळ आणि लांब, तिची मजा घोड्यावरून. जपानच्या मियामोतो मुसाशीने 1645 च्या सुमारास लिहिलेल्या ‘गो रिन नो शो’ या ग्रंथात दोन हातांत दोन तलवारी धरून सराव करायचे कारण सांगितले आहे. घोड्यावर, दलदलीत, गर्दीत किंवा दुसऱ्या हातात काही असताना तलवार दोन्ही हातांनी धरता येत नाही, म्हणून एका हाताची सवय हवी. तलवारबाज जादूगार लिहिणाऱ्याने हा उतारा जरूर वाचावा. मुसाशीच्या डोक्यात जादू नव्हती, पण दुसरा हात मोकळा राहिला तर काय काय साधते याचा विचार त्याने केला होता.

किंमत

हाताचा प्रश्न मिटला की शरीराचा येतो. जादू फुकट मिळाली तर तलवार कशाला उपसावी, आणि लिहिणाऱ्याने ती उपसायला लावली तर वाचकाला ती नाटकी वाटते. तेव्हा जादू काहीतरी घेते असे ठरवावे, आणि जे घेते ते तलवारीला लागणारेच असावे: दम, रक्त, वेळ, डोळ्यांची नजर, हाताची स्थिरता.

मूरकॉकचा एल्रिक जन्मतः दुबळा आहे. औषधी वनस्पतींवाचून त्याला उभेही राहवत नाही. स्टॉर्मब्रिंगर ही काळी तलवार हाती आली की तिने मारलेल्यांचा जीव शोषून ती त्याला बळ देते. म्हणजे हत्यार हेच टॉनिक आणि हत्यार हेच व्यसन. पहिल्याच कथेत तो ज्या सिमोरिलला सोडवायला जातो, तिचाच जीव त्या तलवारीने जातो, आणि शेवटी ती त्यालाही सोडत नाही. एल्रिकला जिंकताना पाहून वाचकाला कधीच निखळ आनंद होत नाही, आणि ही फार मोठी लेखनसिद्धी आहे.

ख्रिस्तोफर पाओलिनीच्या ‘एरागॉन’मध्ये हिशेब सरळ आहे. एखादे काम हाताने करायला जितकी शक्ती लागते तितकीच मंत्राने करायला लागते. पोरसवदा नायक पहिल्यांदा मंत्र वापरून शत्रू मारतो आणि लगेच पार गळून जातो. पाओलिनीने ही कादंबरी किशोरवयात लिहायला घेतली होती. नव्या लेखकाने तिच्यातून हा एवढा नियम तरी उचलण्यासारखा आहे.

वेळेची किंमत सर्वांत स्वस्तात मिळते आणि सर्वांत जास्त ताण देते. ब्रँडन सँडरसनच्या ‘द वे ऑफ किंग्ज’मध्ये (2010) काही योद्ध्यांकडे शार्डब्लेड नावाची अलौकिक तलवार आहे. ती कमरेला नसते. बोलवावी लागते आणि यायला काळजाचे दहा ठोके लागतात. बस्स, दहा ठोके. पण त्या दहा ठोक्यांत माणसाला मागे सरावे लागते, टेबल आडवे पाडावे लागते, बोलण्यात गुंतवावे लागते. त्याच कादंबरीच्या सुरुवातीला येणारा मारेकरी झेथ दिव्यांतला वादळी प्रकाश श्वासासारखा आत ओढून घेतो आणि तो प्रकाश त्याच्या अंगातून सतत गळत राहतो. जादूने भारलेले चिलखत त्याला घालता येत नाही, कारण ते त्याच्या विद्येच्या आड येते. इथे लेखकाने आपल्या योद्ध्याला शक्ती दिली आणि त्याच श्वासात त्याचे चिलखत उतरवून ठेवले.

नियम आधी, सुटका नंतर

सँडरसनने 2007 मध्ये एका निबंधात एक सूत्र मांडले, जे आता जगभर लेखनवर्गांत शिकवले जाते. त्याचा आशय असा: जादू वाचकाला जितकी समजलेली असेल, तितकीच ती संकटातून सुटण्यासाठी लेखकाला वापरता येते. मराठी लेखकाला हे सूत्र परदेशातून आणायची गरज खरे तर नव्हती. महाभारतातली अस्त्रे नेमकी अशीच वागतात.

कर्णाची वासवी शक्ती घ्या. कवचकुंडले देऊन इंद्राकडून मिळवलेली, आणि एकदाच वापरता येणारी. कर्णाला हे माहीत आहे, कृष्णाला माहीत आहे, ऐकणाऱ्यालाही माहीत आहे. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आहे हेही सगळ्यांना ठाऊक. मग युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कच उतरतो. रात्री राक्षसांचे बळ वाढते, त्याच्या मायेपुढे कौरवसेना उधळते, सगळे कर्णाला गळ घालतात, आणि ती शक्ती सुटते. घटोत्कच पडतो. पांडवांच्या छावणीत शोक, आणि कृष्ण आनंदाने नाचतो! हा प्रसंग इतका जबरदस्त होतो, कारण ‘एकदाच’ हा नियम आपल्याला फार आधी कळलेला आहे. तो नियम चौदाव्या रात्रीच सांगितला असता तर उरली असती केवळ माहिती.

त्याहून सूक्ष्म उदाहरण सौप्तिक पर्वातले. रात्री झोपलेल्यांची कत्तल करून पळालेला अश्वत्थामा पांडवांच्या तावडीत सापडतो. हाताशी धनुष्य नाही. तो गवताची काडी उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. दोघांच्या मध्ये नारद आणि व्यास उभे राहतात आणि अस्त्रे परत घ्या म्हणतात. अर्जुन घेतो, कारण व्रतस्थ माणसालाच ते परत घेता येते. अश्वत्थाम्याला येत नाही. अस्त्र सोडण्याची विद्या त्याच्याकडे आहे, आवरण्याची नाही. मग ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर जाते. विद्या दोघांची एकच, गुरू एकच, फरक माणसात. द्रोणाने मुलाचा स्वभाव ओळखून ती विद्या नाखुशीनेच दिली होती, ही नोंदही महाभारत आधी करून ठेवते. जादू आणि स्वभाव यांची इतकी घट्ट गाठ आजच्या जाडजूड परदेशी मालिकांतही क्वचित सापडते.

नारायणास्त्राची तऱ्हा आणखी निराळी. द्रोणवधानंतर संतापलेला अश्वत्थामा ते सोडतो. कृष्ण ओरडून सांगतो, शस्त्रे खाली टाका, रथातून उतरा, म्हणजे ते काही करणार नाही. सगळे उतरतात, भीम तेवढा हटून लढत राहतो, आणि अस्त्राचा सारा ज्वाळ त्याच्यावर एकवटतो. शेवटी कृष्णार्जुन त्याला ओढून खाली काढतात. दुर्योधन म्हणतो, पुन्हा सोड. अश्वत्थामा म्हणतो, दुसऱ्यांदा सोडता येत नाही. जो जितका लढेल तितका मरेल, अशी ही जादू. तलवारीवर पोट असलेल्या माणसासमोर याहून अवघड पेच कोणता मांडता येईल? लिहिणाऱ्याने आपल्या नायकाला असा एखादा पेच घालून पाहावा, जिथे हत्यार चालवणे हीच चूक ठरते.

इथे सावधगिरीचा एक शब्द. अस्त्रांची नावे जशीच्या तशी उचलून कथेत पेरली की भारतीय अद्भुतकथा झाली, असे मानू नये. नाव उचलण्यापेक्षा नियमाची बांधणी उचलावी: किती वेळा, कोणाकडून, कोणत्या अटीवर, परत घेता येते की नाही, शाप कोणाचा. देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’ (1888) आणि तिच्या पुढच्या भागांत असेच स्वतःचे नियम रचले. त्यांच्या तिलिस्मी खंजिराचा स्पर्श झालेला माणूस बेशुद्ध पडतो, पण जोडीची अंगठी बोटात असेल तर काही होत नाही. झाले, आता झटापट खंजिरासाठी जितकी, तितकीच अंगठीसाठी. एका छोट्या अटीने त्यांनी पुढच्या किती प्रकरणांची बेगमी करून ठेवली! मराठीत नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ला (1913) शंभराहून अधिक वर्षे झाली आणि ‘चांदोबा’वर पिढ्या वाढल्या. अद्भुताची भूक आपल्या वाचकाला आहे, त्याला नुसत्या चमत्काराने गप्प करता येईल असे समजू नये.

जादू असलेल्या जगात हत्यारेही बदलतात, हे पुष्कळदा राहून जाते. सँडरसनच्याच ‘मिस्टबॉर्न’मध्ये (2006) काही माणसे धातू गिळून, पोटात जाळून शक्ती मिळवतात आणि आसपासचा धातू मनाने ढकलू किंवा ओढू शकतात. अशा जगात पोलादी तलवार घेऊन जाणे म्हणजे शत्रूच्या हातात दोरी देणे. म्हणून नायिका विन काचेचे खंजीर वापरते. मूठभर नाणी ही तिची बंदुकीची गोळी. ढकलताना तिचे स्वतःचे वजन मोजले जाते, त्यामुळे जड वस्तू ढकलली तर तीच मागे फेकली जाते. गावात आग फेकणारे लोक असतील तर घरांची छपरे गवताची राहतील का? मन वाचणारा शत्रू असेल तर वस्ताद शिष्यांना कसे शिकवेल? लेखकाने नकाशा काढण्यात महिना घालवण्यापेक्षा असे दहा प्रश्न लिहून काढावेत.

शिक्षणाचेही तसेच. तलवार आणि मंत्र दोन्ही शिकायला अर्धे आयुष्य जाते. मग नायक दोन्हींत सारखाच तयार कसा? एका बाजूला तो कच्चा ठेवावा, आणि त्याला स्वतःलाही ते कळत असावे. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द ग्रेट हंट’मध्ये (1990) रँड हा मेंढपाळाचा मुलगा पट्टीच्या तलवारबाजासमोर उभा राहतो. मन शून्यात नेले की त्याची तलवार चांगली चालते, पण त्याच शून्यात गेले की आतली भयंकर शक्ती त्याला हाका मारू लागते, म्हणून तो आधी शून्यात जायचेच टाळतो आणि मार खातो. शेवटी जावे लागतेच. जिंकण्याची वाट आणि बिघडण्याची वाट एकाच दारातून जाते, हे जॉर्डनने एका द्वंद्वात दाखवले.

प्रत्यक्ष झुंज

झुंज लिहिण्याआधी काही गैरसमज काढून टाकावेत. एका हाताने वापरायची बहुतेक खरी तलवार किलोभराच्या आसपास भरते. दोन्ही हातांनी धरायची युरोपीय लांब तलवार साधारण दीड किलोची. दहा-वीस किलोची तलवार फिरवणारा नायक लिहिला, की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. तलवार जड नसली तरी झुंज दमवते, आणि तीही फार लवकर. आपल्याकडच्या लिहिणाऱ्याची सोय अशी, की कोल्हापुरात आणि इतरत्रही मर्दानी खेळाचे आखाडे चालू आहेत. तिथे एक संध्याकाळ बसावे. पट्ट्याने जमिनीवरचे लिंबू कापणाऱ्या मुलीच्या पात्याकडे सगळे पाहतात. लिहिणाऱ्याने तिच्या पायांकडे पाहावे. पवित्रा कसा बदलतो, हूल कशी देतात, फिरकीनंतर तोल सावरायला किती क्षण जातात, श्वास कधी सोडतात. मंत्र घालायची फट त्या क्षणांतच मिळणार आहे. वस्तादांना विचारले तर ते शब्दही देतात, आणि ते शब्द कुठल्याही कोशापेक्षा जिवंत असतात.

आता हा नमुना पाहावा: ‘विराजने तलवार उपसली. त्याच्या डोळ्यांतून निळा प्रकाश बाहेर पडला आणि एका झटक्यात दहा सैनिक कोसळले.’ यात चूक काही नाही, पण वाचकाला करण्यासारखेही काही नाही. तो फक्त बघतो.

तोच प्रसंग असा लिहिता येईल: ‘उजवा हात पट्ट्याच्या खोळीत अडकलेला. विराजने डाव्या हातातली ढाल सोडली. ती दगडांवरून घरंगळून थांबेपर्यंत पहिल्या स्वाराने भाला सरसावला होता. मंत्राची अक्षरे सात. पाचव्यावर धाप आडवी आली. विराजने पट्ट्याने भाल्याचा दांडा बाहेर लोटला, घोड्याच्या घामाचा भपका नाकात शिरला, आणि त्याने पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. दुसरा स्वार आता वळला होता.’

इथे अजून कोणी मेलेले नाही. तरी वाचकाला कळले आहे की कोणता हात रिकामा आहे, किती अक्षरे राहिली आहेत आणि दुसरा स्वार किती लांब आहे. तो आता मनातल्या मनात मोजतो आहे. ढाल टाकली तेव्हा विराजने काय पणाला लावले, तेही वेगळे सांगावे लागले नाही. आणि सात अक्षरांचा मंत्र ही गोष्ट या प्रसंगात पहिल्यांदा येऊ देऊ नये. आधीच्या एखाद्या शांत प्रकरणात, गुरूच्या ओसरीवर, विराज तो म्हणताना एकदा अडखळलेला असावा.

वाक्यांच्या लांबीकडेही कान हवा. सगळी वाक्ये तुटक ठेवली की झुंज वेगवान होते असा समज आहे. प्रत्यक्षात दोन पानांनंतर ती खटखट ऐकू येते आणि कंटाळा येतो. गिरकीसाठी लांब वाक्य, घावासाठी आखूड. मंत्र कथेत अक्षरशः द्यायचा की नाही, हाही प्रश्न येतो. बहुधा देऊ नये. खऱ्या स्तोत्रांतले तुकडे तर नकोतच, ते लोक घरी श्रद्धेने म्हणतात. मंत्राची चव, लांबी आणि शरीरावर होणारा परिणाम लिहिला की पुरे होते: टाळू कोरडी पडते, दातांत कळ येते, डाव्या कानात थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. कान गेला की मागून येणारे पाऊल कळत नाही, म्हणजे तलवारीची पुन्हा पंचाईत.

खऱ्या इतिहासात जादू घालायची असेल तर दहादा विचार करावा. प्रतापगड किंवा पावनखिंड यांच्यात मंत्रशक्ती घुसवली की लढलेल्या माणसांच्या शौर्यातून ती वजा होते. त्यापेक्षा सह्याद्रीसारखा डोंगर, कोकणासारखा किनारा आणि स्वतःचे नवे राज्य घ्यावे; किल्ल्याचे चोरदरवाजे, टाकी, माच्या यांची माहिती तिथेही तितकीच कामाला येते.

खर्डा पुरा झाला की एक चाचणी करून पाहावी. शेवटची मोठी झुंज घ्यावी आणि तिच्यातली सगळी जादू खोडून ती पुन्हा लिहावी. मग मूळ खर्ड्यातली सगळी तलवार खोडून आणखी एकदा. दोन्ही वेळा शेवट तोच येत असेल, तर कुठलीतरी एक बाजू नुसती शोभेची आहे. ती काढून टाकावी, किंवा तिला झुंजीत एखादे असे काम द्यावे जे दुसरीला कधीच जमणार नाही, आणि त्या कामाची पहिली खूण निदान शंभर पाने आधी पेरून यावी.